कॉफीत रंगलेली भेटकार्डं

आज दिवाळीची भेटकार्डं कॉफीत रंगवली. कपभर गरम पाण्यात २ चमचे इन्स्टंट कॉफी, बस्स. कागद बुडवायचा नाही. सपाट ब्रशने एकदाच हात फिरवायचा. ओल्या कागदावर पुन्हा पुन्हा घासलं की तंतू सुटून लव येते. ओलं असतानाच वरून कोरडी कॉफी चिमूटभर भुरभुरवली की झकास जुनाट डाग पडतात. सावलीत वाळवायचं आणि किंचित दमट असतानाच जाड पुस्तकांखाली रात्रभर दाबायचं, नाहीतर कडा वळतात.

इंकजेट प्रिंटरवर छापलेला मजकूर मात्र यात पसरतो, त्याची शाई पाण्याची असते. आधी झेरॉक्स काढा, मग रंगवा.

कार्डासाठी २०० जीएसएमच्या (म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा कागद घ्या. एका ए-४ मधून दोन कार्डं निघतात. घडीच्या जागी आधी रिकाम्या बॉलपेनने रेघ दाबली नाही तर घडी फुटते. चिकटवायला फेव्हिकॉल नको, त्यातल्या पाण्याने पातळ कागद सुरकुततो, ग्लूस्टिक बरी.

आणि जुन्या लग्नपत्रिका रद्दीत देऊ नका हो! त्यातली सोनेरी वेलबुट्टी कापून लावली की विकतची लेस लागतच नाही.