चुन्याची निवळी

कंदिलाचा कागद मी बारा वर्षं दिवसाउजेडी निवडत आले. दुकानदार गठ्ठा पुढ्यात टाकतो, आपण एकेक ताव उचलून दाराच्या उजेडाकडे धरायचा, लाल चांगला लाल आहे ना, हिरवा विटका तर नाही ना, एवढं बघायचं आणि पैसे मोजायचे. ही रीत चुकीची आहे, हे मला 2019 च्या दिवाळीत कळलं, क्यार वादळाने आमच्या पडवीत घातलेल्या गोंधळामुळे.

मी कुडाळजवळच्या एका वाडीत राहते आणि आकाशकंदील करते. दसरा झाला की पडवी आमची कारखाना होते. सासूबाई, शेजारच्या दोन वहिनी आणि मी, अशा चौघी. कामट्या माणग्याच्या. माणगा हा बांबू आमच्याकडे बांधाबांधावर आहे. त्याची काठी जवळजवळ भरीव असते, त्यामुळे बारीक चिरली तरी कामटी लवचीक राहते, मोडत नाही. नऊ-नऊ इंचांच्या चार कामट्यांचा एक चौकोन, असे सहा चौकोन. ते कोपऱ्याला कोपरा लावून दोऱ्याने बांधले की मधल्या जागेत आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. त्रिकोणांसाठी वेगळी एकही कामटी लागत नाही. लहानपणी वडिलांनी मला हे पहिल्यांदा बांधून दाखवलं तेव्हा मी ते त्रिकोण मोजत बसले होते, आणि अजूनही शेवटची गाठ मारून सांगाडा हातात गोल फिरवला की बरं वाटतं. मग मैद्याची खळ, पतंगाचा कागद, कडेने कागदी करंज्या, खाली शेपट्या.

त्या वर्षी तारकर्लीच्या एका हॉटेलाने चाळीस कंदील सांगितले होते. आमच्यासाठी ही फार मोठी ऑर्डर. एरवी एका गिऱ्हाइकाला एक, फार तर दोन. लाल, पिवळा, केशरी अशा उन्हाळी रंगांचे हवेत, प्लास्टिकचे नकोत, आणि शनिवारी 26 ऑक्टोबरला संध्याकाळपर्यंत पोचायला हवेत, कारण रविवारी नरकचतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. गुरुवारी दुपारी चाळीसावा कंदील पडवीच्या वाशाला टांगला आणि आम्ही चहा ठेवला.

पाऊस संध्याकाळीच सुरू झाला. परतीचा पाऊस आम्हाला नवा नाही, पण हा वेगळाच होता. रात्री वारा फिरला आणि झड आडवी आत यायला लागली. तोवर वीज गेली होती. ताडपत्री बांधायला मी आणि सासूबाई बाहेर आलो तेव्हा बॅटरीच्या उजेडात पहिल्यांदा दिसली ती जमीन. शेणाने सारवलेल्या जमिनीवर लाल पाण्याचे ओघळ चालले होते. पतंगाच्या कागदाचा रंग कच्चा असतो. पाणी लागलं की तो कागदात राहत नाही. लाल पिवळ्यात उतरला होता, केशरी सगळीकडे पसरला होता, आणि खळ सुटून करंज्या एकेक करून खाली गळत होत्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी लुगड्याचा पदर खोचला आणि उरलेले कंदील घरात न्यायला लागल्या. मी तिथेच पायरीवर बसले. एक महिन्याचं चौघींचं काम होतं ते.

सकाळी मोजलं. धड होते नऊ. एकतीस गेले होते. पण सांगाडे सगळे शाबूत होते, एकाचीही गाठ सैल झाली नव्हती. कागद फाडून काढले, सांगाडे न्हाणीच्या चुलीभोवती वाळत लावले, आणि छत्री घेऊन मी बाजारात गेले. वीज नव्हती, रस्त्याला पाणी होतं, अर्धी दुकानं बंद. कागदाचं दुकान उघडं होतं, पण दिवाळी दोन दिवसांवर आलेली. लाल संपला होता. पिवळा संपला होता. केशरी तर आठवड्यापूर्वीच संपला होता. उरला होता निळा आणि पांढरा. मी निळा दाराकडे धरून पाहिला. सुंदर होता, मोरपिशी, एकही डाग नाही. म्हटलं, हॉटेलवाल्यांना विनवून सांगू, निळे-पांढरे घ्या, समुद्राजवळ शोभतील. दोन्हीचे गठ्ठे प्लास्टिकमध्ये गुंडाळून घेऊन आले.

दुपारपर्यंत एक कंदील निळा करून झाला. तेवढ्यात शेजारचे तात्या आले. तात्यांची पूर्वी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना, होती. डोळे अधू झाल्यावर त्यांनी ती मुलाच्या हवाली केली, पण रंगाचं काही निघालं की तात्या हजर असतातच. आभाळामुळे घरात काळोख होता, म्हणून सासूबाईंनी समई लावलेली. तात्यांनी कंदील उचलला आणि काही न विचारता समईच्या ज्योतीपुढे धरला.

निळा गेला. म्हणजे कागद तिथेच होता, पण त्याचा रंग गेला. काळपट, हिरवट, ओल्या शेवाळासारखं काहीतरी दिसत होतं. शेजारचा पांढरा चौकोन मात्र लोण्यासारखा उजळला होता.

"ह्यो निळो दिव्यात काळोच दिसतलो," तात्या म्हणाले. "तुका दारात धरून कागद बघूक कोणी सांगल्यान गो बाय? आधी दिवो लाव, मगे रंग ठरव."

मी गप्प झाले. मग मी त्यांच्या हातातून कंदील घेतला आणि स्वतः फिरवून फिरवून पाहिला. बारा वर्षं मी हे काम करत होते आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. पणतीच्या, समईच्या उजेडात लाल-पिवळा भाग भरपूर आणि निळा अगदी थोडा. निळ्या कागदातून पार व्हायला मुळात निळा उजेडच नसेल तर तो उजळणार कशाने? पिवळ्या बल्बचंही बरंचसं तसंच. पांढऱ्या एलईडीत मात्र निळा भरपूर असतो, तिथे निळा कागद झगमगतो आणि लाल मंदावतो. म्हणून हल्ली मी प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारते, बल्ब कोणता लावणार? लोकांना नवल वाटतं. पण कंदिलाचा रंग कागद आणि दिवा या दोघांचा मिळून असतो, आणि अर्धी गोष्ट ठाऊक नसताना मी रंग कसा निवडू?

तात्या सांगत होते, त्यांच्या लहानपणी कंदिलात काचेचा पेला टांगत. खाली पाणी, वर खोबरेल तेल, त्यावर तरंगती वात. तेव्हा निळा कागद वापरत, पण तो करंज्यांना आणि शेपट्यांना. म्हणजे जिथून उजेड पार होत नाही, जे फक्त दिवसा बघायचं असतं, तिथे. चौकोनांना आणि त्रिकोणांना फिके आणि ऊबदार रंग. मी वडिलांचे कंदील आठवून बघितले. तसेच असायचे. मी इतकी वर्षं तो नुसता आवडीचा भाग समजत होते.

हॉटेलात फोन लागायला तासभर गेला. बल्ब पिवळे होते. म्हणजे पिवळा आणि लाल हवाच, आणि माझ्याकडे होता पांढरा. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "घरात हळद असा मां."

पुढचे चोवीस तास मी विसरणार नाही. हळद घरचीच. दोन मुठी पूड कोमट पाण्यात कालवली, जुन्या पंचातून गाळली, त्यात चमचाभर पातळ खळ. आधी पांढरा कागद सांगाड्यावर चिकटवून चुलीच्या धगीत पक्का वाळवायचा, मगच कापसाच्या बोळ्याने हळद लावायची, तीही कामटीपासून बोटभर आत राहून, नाहीतर खळ पुन्हा सुटते. ओला होताच कागद फुगतो, सैल पडतो, खाली लोंबतो. पहिल्या कंदिलाला मी घाबरून हात आखडला होता. पण धगीजवळ टांगला आणि पाच-सात मिनिटांत तो आपला आपण ताणत गेला, एकही सुरकुती नाही, आणि टिचकी मारली तर ढोलकीच्या पुडीसारखा वाजला. दुकानातून आणलेला रंगीत कागद असा ताठ कधीच बसत नाही, कारण त्याला पाणी दाखवायची सोयच नसते.

लाल कसा आणायचा हे तात्यांनी सांगितलं. "कुंकू कसा करतत? हळदीक चुनो लागलो की लाल." सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून मी एका वाळलेल्या पिवळ्या त्रिकोणावर बोळा फिरवला. बोळा जिथून गेला तिथे त्याच क्षणी लाल. मागोमाग, जणू बोळ्यालाच तो रंग होता. धाकट्या वहिनी ओरडल्याच. पण वाळल्यावर चुन्याचे पांढरे फराटे वर उमटले, आणि दिव्यापुढे धरल्यावर तेच फराटे काळे दिसले, कारण त्यांतून उजेड जाईना. तो कंदील बाजूला ठेवला. मग तात्यांनी चुना भांड्यात ढवळून तासभर स्थिर ठेवायला लावला आणि वरचं स्वच्छ पाणी, निवळी, अलगद ओतून घेतली. निवळीने फराटे येत नाहीत. रंग थोडा मऊ येतो, नव्या कौलासारखा, पण सारखा येतो.

रात्रभर चूल विझू दिली नाही. सासूबाई कागद कापत होत्या, दोघी वहिनी चिकटवत होत्या, मी हळद लावत होते. प्रत्येक कंदील आत समई धरून पाहिला, एकही न पाहता पुढे सरकवला नाही. पहाटे बघितलं तर आदल्या संध्याकाळचे काही त्रिकोण लालाचे तपकिरी झाले होते. निवळीचा जोर हवेने उतरतो. त्यांना दुसरा हात दिला. निळ्याच्या करंज्या कातरल्या, त्याच निळ्याच्या लांब शेपट्या. आमच्या चौघींचे हात मनगटापर्यंत पिवळे, नखं लाल. हळदीच्या कार्यक्रमातून आल्यासारख्या दिसत होतो.

शनिवारी पाऊस उतरला. दुपारी तीनला टेम्पोत एकोणचाळीस कंदील भरले, प्रत्येकाच्या मध्ये जुनी साडी. एक कमी होता, फराट्यांचा. हॉटेलच्या मॅनेजरनी दिवसाउजेडी कंदील बघितले आणि त्यांचा चेहरा उतरला. धड राहिलेले नऊ सोडले तर सांगितलेला केशरी नाही, झगझगीत लाल नाही, शिवाय वर निळं. त्यांचं काही चुकलं नव्हतं, मीही आदल्या सकाळपर्यंत तसंच बघत होते. मी म्हटलं, काळोख पडेपर्यंत थांबते, तेव्हा लावून बघा आणि मगच काय ते सांगा. ते म्हणाले, बसा. मी आणि टेम्पोवाला पायरीवर बसलो. समुद्र अजून खवळलेला होता, गाज अंगणात ऐकू येत होती.

सातच्या सुमारास त्यांनी व्हरांड्यातली ओळ लावली. एकदम सगळी. पिवळे चौकोन आतून भरून आले, त्रिकोण निखाऱ्यासारखे, आणि निळ्या शेपट्या काळोखात मिसळून गेल्या, त्यामुळे कंदील नुसते हवेत ठेवल्यासारखे दिसायला लागले. हाताने लावलेल्या हळदीत बोळ्याचे वळसे राहतात. दिवसा ते डाग वाटतात. दिव्यात ते केळीच्या पानाच्या शिरांसारखे दिसतात. मॅनेजर बराच वेळ मान वर करून उभे होते. मग म्हणाले, "ताई, हे वाळूत टांगलेल्या दोरीवर पण लावू का?" एका कंदिलाचे पैसे कापून त्यांनी ठरलेले पैसे दिले. ते रास्तच होतं. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही, त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत विटेल, हे मी त्यांना आधीच सांगितलं. ते म्हणाले, तोवर आमची गर्दी संपते.

घरी यायला रात्र झाली. रविवारी पहाटे उटणं लावून, आंघोळ करून तुळशीपाशी कारीट फोडायला आले तेव्हा वीज आली होती आणि आमच्या दारात कंदील लागलेला होता. तोच, फराट्यांचा. माझ्या ध्यानातही नव्हतं की घरासाठी एकही उरला नाही. सासूबाईंनी त्याला उरलेल्या निळ्याच्या शेपट्या लावल्या होत्या. फराटे काळे दिसत होते, पण त्यांच्या मधून लाल असा फुटत होता की मी कारीट हातातच धरून बघत राहिले.

तात्या कुंपणापलीकडून काठी टेकत आले. त्यांना नीट दिसत नाही, म्हणून ते अगदी कंदिलाखाली येऊन उभे राहिले.

"निवळी नाय हेच्यात," म्हणाले. "पहिलो तो?"

"होय, पहिलो."

"ऱ्हांव दे तसोच," म्हणाले, आणि फराळाला आत गेले.