ताजमहाल, आईची चंची आणि लॉकरची रांग

नोएडाहून आग्र्याला गाडीने जायचं म्हटलं की जो तो यमुना एक्स्प्रेसवेबद्दलच सांगत बसतो. रस्ता उत्तमच आहे. १६५ किलोमीटर सरळसोट. फास्टॅगमध्ये पैसे ठेवायचे आणि वेग १०० च्या आत. कॅमेरे आहेत, चलान घरपोच येतं. आमचं घोडं अडलं ते ताजच्या दारात, आईच्या चंचीपायी.

आई-बाबा साताऱ्याहून आले होते. गाडी पूर्व दरवाज्याच्या बाजूला शिल्पग्रामच्या पार्किंगला लावली. ताजपासून पाचशे मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, पुढे बॅटरीची गाडी नाहीतर पायी. वाटेत दोघे-तिघे हात दाखवून थांबवतात, "आगे बंद है, यहीं लगा दो" म्हणून. काच खाली करू नका.

दारात बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. तिकिटं ऑनलाइन काढली असतील तर ज्याचं त्याच्या मोबाईलवर आधीच पाठवून ठेवा. बाबा पाच मिनिटांत आत. आमच्या रांगेत आईची पर्स उघडली आणि एकेक वस्तू टेबलावर यायला लागली: शेंगांचे लाडू, खाकरा, आणि तळाशी चंची. चंचीत सुपारी, लवंगा आणि अडकित्ता.

झडती घेणाऱ्या बाईंनी अडकित्ता दोन बोटांत धरून उघडला, मिटला, पुन्हा उघडला. त्यांनी तो जन्मात पाहिला नसावा. "ये क्या है?"

"भैया... नाही, बहेनजी, सुपारी कातरने का," आई म्हणाली. "तंबाखू नहीं है. वास घेके देखो."

बाईंनी खरंच वास घेतला. हसल्याही. पण खाण्याचे पदार्थ, सुपारी-तंबाखू, लायटर, चाकूसारखं काहीही आत चालत नाही, आणि नियम म्हणजे नियम. पाण्याची बाटली तेवढी चालते. मग रांगेतून बाहेर, मागे लॉकरकडे.

तिथे पुन्हा रांग. आमच्या पुढे एक मोठं कुटुंब, त्यांच्या पिशवीतून पुऱ्यांचा डबा, ट्रायपॉड, पत्त्यांचा कॅट असं काय काय निघतंय. माझा जीव वर-खाली, कारण तिकिटाला तीन तासांची मर्यादा आहे आणि ऊन चढत चाललेलं. त्यात बाबांचा आतून फोन: "अगं, कुठे आहात? इथे फार सुंदर दिसतंय." मी काही बोलले नाही. आई मात्र शांतपणे लाडू काढून पुढच्या पोरांना वाटत होती. "आत नेता येत नाहीत ना, मग संपवू या." लॉकर मिळेपर्यंत डबा रिकामा! अडकित्ता तिथल्या माणसाच्या हाती देताना मात्र तिने दोनदा बजावलं, "सासूबाईंचा है."

पुन्हा झडतीची रांग, आणि एकदाचे आत.

तेव्हा सांगते ते ऐका: मोबाईल, पैसे, ओळखपत्र, पाणी. बाकी सगळं गाडीच्या डिकीत. म्हातारी माणसं बरोबर असतील तर त्यांच्या पर्स घरीच उघडून बघा, रागावली तरी चालेल.

ताज काय, तो आहेच. प्रवेशाचे ५० रुपये, आणि घुमटाखाली कबरींपाशी जायचं असेल तर आणखी २००. आत अंधार आणि ढकलाढकली; दिसतात त्या कबरी नुसत्या दाखवायच्या, खऱ्या खाली तळघरात. मी पुन्हा गेले तर बाहेरूनच बघेन. आईचं मत उलट आहे, तिला आतली रंगीत दगडांची फुलं सोडवेनात. शुक्रवारी ताज बंद असतो, आग्र्याचा किल्ला मात्र उघडा.

बाबांना खरं तर तो किल्लाच बघायचा होता. १६६६ साली महाराज याच आग्र्यात नजरकैदेत होते. अमरसिंह दरवाज्यासमोर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. बाबांनी तिथे चपला काढल्या, मग रिक्षावाल्यापासून गाईडपर्यंत भेटेल त्याला पेटाऱ्यांची गोष्ट हिंदीत सांगितली. किल्ल्याला निदान दोन तास ठेवा, बरोबर सातारकर असेल तर तीन.

धुक्याच्या दिवसांत एक्स्प्रेसवेवरची वेगमर्यादा आणखी खाली आणतात, तेव्हा पहाटे निघून सूर्योदय गाठायचा बेत डिसेंबर-जानेवारीत करू नका. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो, हवा छान होती.