चिलखतातल्या न दिसणाऱ्या जोडाबद्दल

प्रतापगडाची गोष्ट सांगताना सगळे वाघनखांवर जाऊन थांबतात. मला लहानपणापासून आधीचा क्षण जास्त खेचतो. १० नोव्हेंबर १६५९ ला खानाचा वार महाराजांच्या कुशीवर पडला आणि अंगरख्याखालच्या चिलखतावर खरखरला, इतकंच आपण ऐकतो आणि पुढे जातो. पण ते चिलखत कुणीतरी बनवलं होतं ना, एकेक कडी करून, आणि वार पडला तेव्हा त्या कड्या उघडल्या नाहीत. त्या का उघडत नाहीत हे मला हाताने करून बघायचं होतं आणि सध्या माझे बहुतेक रविवार त्यातच जातात.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो. ऑनलाइन 'चेनमेल' म्हणून जे मिळतं त्यातल्या बऱ्याच मालात तारेची कडी वाकवून दोन टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात, दोन पकडींनी ओढलं की कडी उघडते. नाटकाला चालेल, पण लढाईसाठीच्या चिलखतात कडी बंद पाहिजे. आपल्याकडे दख्खनमध्ये आणि मुघलांकडे १७व्या शतकात जी चांगली चिलखतं व्हायची त्यात दोन प्रकारच्या कड्या एकाआड एक ओळीत असतात, एक ओळ रिव्हेट मारलेल्या, म्हणजे टोकं एकमेकांवर चढवून भोकात बारीक खिळा बसवलेल्या कड्यांची आणि एक ओळ अखंड कड्यांची, ज्यांना जोड दिसतच नाही. आंध्रातल्या अदोनीच्या किल्ल्यातून १७व्या शतकाच्या शेवटी जी चिलखतं बिकानेरला गेली, ती आज जगभरच्या म्युझियममध्ये पसरलीयत, त्यांचे क्लोजअप फोटो मिळाले तर नक्की बघा. आणि आपल्या पुण्यातल्या केळकर म्युझियममध्ये गेलात तर शस्त्रांच्या दालनातून भराभर पुढे जाऊ नका, काचेला नाक लावून एकेक कडी बघा.

विणीचा हिशोब साधा आहे, प्रत्येक कडीत शेजारच्या चार कड्या. रिव्हेटची एक कडी उघडी ठेवायची, तिच्यात चार अखंड कड्या ओवायच्या, दोन वरच्या ओळीतल्या आणि दोन खालच्या, मग ती बंद करून रिव्हेट मारायचा. म्हणजे अख्ख्या चिलखतात निम्म्याच कड्यांना रिव्हेट लागतो आणि एका अंगरख्याएवढ्या चिलखतात वीस-तीस हजार कड्या असू शकतात हे लक्षात घेतलं की ही केवढी बचत आहे ते कळतं. युरोपात रोमन लोकही असंच एकाआड एक करायचे, पुढे तिकडे सगळ्याच कड्या रिव्हेटच्या करायला लागले, आपल्याकडे मात्र ही जुनी पद्धत टिकली.

रिव्हेटच्या कडीचं काम सांगतो. तार म्हणजे बांधकामावर सळ्या बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग वायर, बोहरी आळीत किलोवर मिळते. ती मऊ असते, तापवून थंड केलेली असते, म्हणून बरी पडते. जीआय वायर, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली तार, अजिबात घेऊ नका, तापवली की जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. सहा एमएमच्या सळईवर तार गुंडाळायची, स्प्रिंग तयार होते, ती एका बाजूने कापली की सुट्या कड्या. मग प्रत्येक कडी एका निमुळत्या भोकातून ढकलायची म्हणजे ती थोडी लहान होते आणि टोकं एकमेकांवर चढतात. परत लाल तापवून राखेत हळूहळू थंड करायची, चढलेला भाग हातोडीने चपटा करायचा आणि टोच्याने भोक पाडायचं. ड्रिल नाही मारायचं हं, टोचा धातू बाजूला सारतो, ड्रिल तो काढूनच टाकतं आणि एवढ्याशा पट्टीत भोकाशेजारी मग काही उरतच नाही. त्यात एक एमएमच्या तारेचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी डोकं बसवायचं. आपल्याकडचे रिव्हेट गोल असतात, युरोपातल्या नंतरच्या चिलखतांत पाचरीसारखे. हे सगळं फ्लॅटच्या बाल्कनीत जमतं, तापवणं सोडून.

अखंड कडी मात्र बाल्कनीत होत नाही. ती भट्टीवरच होते आणि खरं कसब तिथेच आहे असं माझं ठाम मत झालंय. नऱ्ह्याला एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मागच्या बाजूला जुनी भट्टी आहे, तिथले मामा पिढीजात लोहार, आता ग्रिल आणि गेट करतात. मी त्यांना विचारलं, मामा, एवढीशी कडी वेल्डिंग रॉड न लावता जोडता येईल का, तर ते म्हणाले, "अहो, बैलगाडीची धाव जोडायचो आम्ही, ही का नाही जुळणार, पण लय बारीक आहे, नजर पाहिजे." (धाव म्हणजे लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी पट्टी.)

बारीक हाच सगळा प्रॉब्लेम आहे. लोखंड लोखंडाला चिकटायला बाराशे-तेराशे डिग्री तरी लागतात, म्हणजे अगदी झगझगीत पिवळा रंग येईपर्यंत. गाडीची धाव तेवढी तापली की भट्टीतून काढून ऐरणीवर आणेपर्यंत वेळ असतो, दीड एमएमची तार बाहेर काढली की एक-दोन सेकंदात थंड, आणि आत जरा जास्त ठेवली की ठिणग्या उडून टोकच जळून जातं. त्यामुळे काम असं चालतं: दोन्ही टोकं तिरकी चपटी करून एकमेकांवर चढवायची, त्यावर टाकणखार (बोरॅक्स). टाकणखार वितळून काचेसारखा पसरतो आणि वरचा ऑक्साइड विरघळवतो, नाहीतर दोन थरांच्या मध्ये ती पापडी राहते आणि जोड धरत नाही. कोळसा लोणारीच, म्हणजे लाकडाचाच हवा, दगडी कोळशात गंधक असतं आणि ते जोडाला मारक. ब्लोअर अगदी हळू. सांडशीच्या तोंडात कडीच्या मापाची खाच पाडून घेतलीय आणि ती सांडशीसुद्धा आधी तापवून ठेवायची, गार तोंड लागलं की कडीतली सगळी उष्णता तेच ओढून घेतं. मामांनी एकच सांगितलं, "पिवळ्यावर पाणी सुटल्यासारखं दिसलं की दाबा, पांढऱ्याची वाट बघू नका." आणि खरंच तसंच दिसतं, टाकणखार पातळ होऊन वाहायला लागतो, कडी ओली वाटते, त्याच क्षणी सांडशीने चिमटायचं. हातोडीची गरजच नाही. मग गार झाल्यावर दोन पकडींनी जोडावरच पिळून बघायचं, नुसती वरवर चिकटलेली असेल तर तिथल्या तिथे पापुद्रा सुटतो.

लोक विचारतात की एवढं कशाला, पत्र्यातून वायसर पंच करून घे, कोण बघणार आहे. आजच्या माइल्ड स्टीलला ते ताकदीच्या दृष्टीने चालतंही, मी नाही म्हणत नाही. पण जुनं लोखंड एकसारखं नव्हतं, त्यात मळीच्या, म्हणजे लोखंडात राहिलेल्या मळाच्या, बारीक रेषा असायच्या, घडवलेल्या दिशेने लांब ओढलेल्या. तार वाकवून जोडलेल्या कडीत त्या रेषा कडीबरोबर गोल फिरतात, पत्र्यातून कापलेल्या कडीत सरळ आरपार जातात आणि मध्येच तुटतात, तिथे कडी कमजोर. जुनी कडी कापून, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली बघितली की ती कशी बनवली ते या रेषांवरूनच ओळखता येतं. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या कारागिराचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही त्याच्या हाताची दिशा त्या रेषांमध्ये आहे, मला हे फार मोठं वाटतं. आपण राजांची आणि किल्ल्यांची नावं पाठ करतो, चांगलंच आहे, पण ज्याने निखाऱ्यासमोर बसून हजारो कड्या चिमटल्या त्याचं कामही इतिहासच आहे आणि ते समजायला पुस्तक पुरत नाही, भट्टीसमोर बसावं लागतं.

चिलखत काही अभेद्य नव्हतं अर्थात. तलवारीची धार ते झेलतं, पण टोकाचा वार वेगळा, अरुंद टोक कडीत शिरून तिला आतून ताणतं. पेशकब्ज नावाची कट्यार त्यासाठीच होती, पातं निमुळतं, पाठ जाड, टोक मजबूत. अशा वेळी कडी सुटायची शक्यता असते ती रिव्हेटच्या भोकापाशी, कारण तिथे धातू सगळ्यात कमी. म्हणूनच शेजारची अखंड कडी नीट जुळलेली असणं इतकं महत्त्वाचं, नाहीतर दोन्ही ओळी कच्च्या.

सध्या माझ्याकडे छातीच्या पुढच्या भागाएवढा तुकडा झालाय. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत गंज फार पटकन धरतो, त्यामुळे तो कोरड्या वाळूबरोबर डब्यात घालून घोळवतो, कड्या एकमेकींवर घासून स्वच्छ होतात, मग जवसाच्या तेलाचा हलका हात.

आता पुढचं काम म्हणजे बाजारातली तार सोडून जुन्या पद्धतीच्या लोखंडाची तार स्वतः ओढायची, सोनारांकडे असते तशी जंत्री, म्हणजे तार ओढायची भोकांची पट्टी, पोलादात करून घेतोय. त्यासाठी जुनं हातघडाईचं लोखंड हवंय. पेठांमध्ये कुणाचा वाडा पाडला गेला असेल आणि दाराच्या कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, मोठे खिळे भंगारात चालले असतील तर प्लीज मला कळवा, मी येऊन भंगारापेक्षा जास्त भावाने घेऊन जाईन. फक्त उभ्या वाड्याचं काही काढू नका.