४०९६ चाललं, सही अडली

चाकणच्या एका कारखान्याचं काम होतं. गोदामातल्या वायफायला पासवर्ड नको, प्रत्येक उपकरणाला स्वतःचं सर्टिफिकेट हवं. म्हणजे ती सर्टिफिकेटं सही करून देणारी घरचीच सर्टिफिकेट अथॉरिटी उभारणं आलं. विंडोज सर्व्हरवर ती उभी राहते पटकन. खरी घासाघीस होते विझार्डच्या एका पानावर: सही करायची किल्ली किती बिटांची, आणि हॅश, म्हणजे सहीआधी मजकुराचा काढायचा छोटा ठसा, कोणता.

आयटी प्रमुख म्हणाले, "सगळं मोठ्यात मोठं टाका हो, ऑडिटवाल्यांची कटकट नको." रूटला, म्हणजे सगळ्यांत वरच्या अथॉरिटीला, आरएसए पद्धतीची ४०९६ बिटांची किल्ली घ्यायला माझी ना नव्हतीच. ते मशीन एरवी बंद, तिजोरीत. सीआरएल, म्हणजे रद्द सर्टिफिकेटांची यादी, काढण्यापुरतं वर्षातून एक-दोनदा बाहेर येणार. तिथे वेग कोण मोजतो? पण उपकरणांच्या वर्षभराच्या सर्टिफिकेटना २०४८ पुरे, हे त्यांना पटेना. लांबी दुप्पट म्हणजे ताकद दुप्पट, असं काही नसतं. २०४८ ची ताकद ११२ बिटांची धरतात, ३०७२ ची १२८. ४०९६ ला सही करण्याचा खर्च मात्र २०४८ च्या सहा-सात पट, आणि तो भार बिचाऱ्या स्कॅनरच्या प्रोसेसरवर. शेवटी मानलं त्यांनी. हॅशवर वाद झालाच नाही. २०१७ साली गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआयने जुन्या शा-१ पद्धतीने एकच हॅश येणाऱ्या दोन वेगळ्या पीडीएफ करून दाखवल्या, तेव्हापासून तो विषय संपलाय. शा-२५६ ठरला.

दुपारी चाचणी घेतली. लॅपटॉप लगेच जोडले गेले. बारकोड स्कॅनर ढिम्म. वायफायवर कोणाला घ्यायचं ते ठरवणाऱ्या रेडियस सर्व्हरचं सर्टिफिकेट पाहिलं की लगेच कनेक्शन तोडायचे.

"सर, ४०९६ झेपत नसेल त्याला," नेटवर्कचा पोरगा म्हणाला. शंका रास्त होती, जुन्या उपकरणांत अशा मर्यादा असतात. म्हणून ओपनएसएसएल या साधनाने ४०९६ चीच, रूटपासून सर्व्हरपर्यंतच्या सर्टिफिकेटांची, एक तात्पुरती साखळी बनवून दिली. स्कॅनरने ती मुकाट घेतली!

मग आमचं सर्टिफिकेट उघडून 'सिग्नेचर अल्गोरिदम'ची ओळ वाचली. नेहमीची शा२५६आरएसए सही असायला हवी तिथे दुसऱ्याच पद्धतीची, आरएसएएसएसए-पीएसएस. सर्व्हर त्यांच्या टीमने आधीच तयार ठेवले होते, आणि विंडोज फोल्डरमधल्या सीएपॉलिसी.आयएनएफ या अथॉरिटीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'अल्टरनेट सिग्नेचर अल्गोरिदम' समोर १ होता, म्हणजे ही पर्यायी सही चालू. कुठल्यातरी 'कडक सुरक्षा' टेम्प्लेटमधून आलेला. पीएसएसची गणिती बाजू जास्त भक्कम, हे खरंच. पण या स्कॅनरच्या फर्मवेअरला ती सही वाचताच येत नव्हती.

चाचणीपलीकडे एकही सर्टिफिकेट वाटलेलं नव्हतं, हे नशीब. १ चा ० केला आणि रूट आणि तिच्या खालची सबऑर्डिनेट अथॉरिटी, दोन्ही पुसून नव्याने उभारले. अंधार पडायच्या आत स्कॅनर जोडले गेले.

"मग ऑडिटला काय सांगू?" प्रमुखांनी विचारलंच. सर्टिफिकेटवर पीकेसीएस-१ च्या जुन्या १.५ पद्धतीची, म्हणजे शा२५६आरएसएवाली, सही आजही सर्वमान्य आहे, तेवढं लिहून दिलं. शेजारी स्कॅनरचं मॉडेल आणि फर्मवेअरची आवृत्ती टाकली, म्हणजे स्कॅनर बदलतील तेव्हा हा मुद्दा पुन्हा तपासता येईल.