गाडी विदेशी, सामान कुठले?

गेल्या एप्रिलमध्ये साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात आमच्या गाडीच्या तापमानाचा काटा लालकडे सरकला आणि मिनिटभरात समोरच्या पडद्यावर इंजिन बंद करण्याची सूचना आली. बोनेट उघडले तेव्हा इंजिनाच्या कडेने गुलाबी कूलंट ठिबकत होते. गाडी एका नावाजलेल्या युरोपीय कंपनीची, पूर्ण तयार होऊन जहाजातून आलेली, आणि आम्ही ती जुनी घेतलेली असली तरी जेमतेम सत्तर हजार किलोमीटर चाललेली होती. टोईंगच्या गाडीवर चढून ती पुण्यात परत आली. वर्कशॉपमध्ये निदान अर्ध्या तासात झाले : इंजिनाचे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट ज्यात बसतो ते प्लास्टिकचे हाउसिंग तडकले होते. मुठीएवढी वस्तू. ती परदेशातून यायला तेवीस दिवस लागले.

याच घाटात मी लहानपणी कितीतरी वेळा थांबलेली आहे. बाबांकडे १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी होती. उन्हाळ्यात चढावर तिच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि इंजिन आचके देत बंद पडे. मग बाबा भिजवलेले फडके पंपाभोवती गुंडाळत, आई दशम्यांचा डबा उघडे आणि वीसेक मिनिटांनी आम्ही पुन्हा मार्गाला लागत असू. ते फडके डिकीत पाण्याच्या कॅनला बांधलेलेच असे. याला बिघाड म्हणतात हे मला बरेच उशिरा कळले. घाट आला की गाडी थांबायचीच, अशी माझी समजूत होती.

दर्जाच्या दृष्टीने या दोन गाड्या शेजारी उभ्या करणेसुद्धा हास्यास्पद ठरेल. पद्मिनीचे मागचे दार दोनदा आपटल्याशिवाय लागत नसे, पावसाळ्यात पुढच्या काचेच्या रबरातून पाणी झिरपून पायाशी येई आणि दर दोन-तीन वर्षांनी तळाचा पत्रा वेल्डिंग करून घ्यावा लागे. उलट या युरोपीय गाडीचे दार बोटाने ढकलले तरी भारदस्त आवाज करून बसते आणि ताशी शंभरच्या वेगातही आत बोलताना आवाज चढवावा लागत नाही. तरीही पद्मिनी दुरुस्तीसाठी तीन दिवसांपेक्षा जास्त उभी राहिल्याचे मला आठवत नाही. गाडी क्वचित बिघडणे ही तिच्या घडणीची गुणवत्ता झाली. परंतु बिघडल्यावर ती किती लवकर, किती पैशांत आणि कोणाच्या हातून पुन्हा उभी राहते, हे धरल्याशिवाय भरवशाचा हिशेब पुरा होत नाही, असे माझे मत त्या तेवीस दिवसांत पक्के झाले.

आता यात देशी कोणती आणि विदेशी कोणती? पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती परवान्याने तयार होत असे. तिची प्रतिस्पर्धी अँबेसेडर म्हणजे ब्रिटनची मॉरिस ऑक्सफर्ड. या गाड्या आपल्या झाल्या त्या आराखड्यामुळे नव्हे. त्यांचे सुटे भाग इथे ओतले जात होते, गल्लीतल्या मिस्त्रीला त्या डोळे झाकून उघडता येत होत्या आणि एका गाडीचा भाग दुसरीला ठाकूनठोकून बसवता येत होता, म्हणून त्या आपल्या झाल्या. पद्मिनीचे उत्पादन बंद होऊन वीसहून अधिक वर्षे लोटली तरी मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आणि तीही मोडली म्हणून नव्हे, तर टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे.

सध्याच्या बाजारात ही विभागणी आणखीच पुसट झालेली आहे. परदेशातून पूर्ण तयार होऊन आलेली गाडी हा एक प्रकार, सुटे भाग खोक्यांतून आणून इथे जोडलेली गाडी हा दुसरा, आणि नाव परदेशी असले तरी बहुतांश सामान इथल्याच पुरवठादारांकडून घेऊन बनवलेली गाडी हा तिसरा. ४० हजार डॉलरपेक्षा महाग असलेल्या तयार गाडीवर अनेक वर्षे १०० टक्के सीमाशुल्क होते, त्यामुळे पहिल्या प्रकारातल्या गाड्या फार थोड्या विकल्या जातात. आणि जी गाडी थोडी विकली जाते तिचे सामान कोणी साठवून ठेवत नाही. आमच्या थर्मोस्टॅटचे घोडे नेमके इथे अडले होते. गाडी नवी घेणाऱ्याने शुल्क भरले ते दिसते. पुढे प्रत्येक सुट्या भागाबरोबर तिसऱ्या-चौथ्या मालकाला वाट पाहावी लागते, ती कुठल्याच पावतीवर लिहिलेली नसते.

पुण्याच्या आसपास राहणाऱ्याला हा घोळ अधिकच जाणवतो. रांजणगावच्या कारखान्यात फियाटचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन बनत असे आणि ते फियाटच्या गाड्यांप्रमाणेच टाटांच्या इंडिका व्हिस्टामध्येही बसत होते. मारुतीने तेच इंजिन परवान्याने मानेसरला बनवून स्विफ्टमध्ये घातले. इटालियन रचनेचे हे इंजिन लोक गंमतीने भारताचे राष्ट्रीय डिझेल इंजिन म्हणत. जग्वार लँड रोव्हर २००८ पासून टाटांच्या मालकीची आहे आणि तिच्या काही गाड्या २०११ पासून पुण्यातच जोडल्या जातात. दुसरीकडे, होंडाची एलिव्हेट राजस्थानात बनून २०२४ पासून जपानमध्ये डब्ल्यूआर-व्ही या नावाने विकली जाते. हरियाणात बनलेल्या पाच दारांच्या जिम्नीची नोंदणी सुझुकीला फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे थांबवावी लागली, कारण काही दिवसांतच सुमारे ५० हजार जपानी ग्राहकांनी ती मागितली होती. म्हणजे जपानच्या बाजारात आयात गाडी म्हणून उभी आहे ती आपली हरियाणाची गाडी. हे वाचून मला जो आनंद झाला त्याचे तर्कशुद्ध कारण मला देता येणार नाही.

परदेशी बोधचिन्ह म्हणजे मजबुतीची हमी, हा समज मात्र माझ्या मनातून २०१४ सालीच गेला. त्या वर्षी गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या धडकवून पाहिल्या : अल्टो ८००, नॅनो, आय-१०, फिगो आणि पोलो. प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. यांतली पोलो जर्मन कंपनीची होती, पण तपासलेल्या सर्वांत साध्या प्रतीत एअरबॅगच नव्हत्या. कंपनीने पुढे एअरबॅग नसलेली पोलो विकणे बंद केले आणि दोन एअरबॅगा असलेल्या त्याच गाडीला चार तारे मिळाले. म्हणजे त्याच नावाच्या गाडीतून इथल्या ग्राहकासाठी काय काढून घेतले आहे, हे पाहणे आपले काम. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली ती टाटांची नेक्सॉन, रांजणगावला बनलेली. १९९८ च्या इंडिकाबद्दल सुरुवातीला किती तक्रारी होत्या आणि २००१ ची तिची व्ही-टू ही आवृत्ती आणताना कंपनीला किती सुधारणा कराव्या लागल्या, हे ज्यांना आठवते त्यांना या वीस वर्षांतला प्रवास सांगायला नको.

हवामान हाही असाच दुर्लक्षित विषय आहे. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये सात गिअरच्या स्वयंचलित डीएसजी गिअरबॉक्सच्या सुमारे १६ लाख गाड्या जगभरातून तेल बदलण्यासाठी परत बोलावल्या, कारण उष्ण व दमट प्रदेशांत सिंथेटिक तेलामुळे विजेचे बिघाड उद्भवू शकत होते. गिअरबॉक्स हुशारीनेच बनवलेला होता; मात्र जर्मनीतला उन्हाळा वेगळा आणि आपल्याकडचा ट्रॅफिकमध्ये खोळंबलेला मे महिना वेगळा.

देशी गाडीची बाजू घ्यायला निघालेय असे वाटू नये म्हणून सांगते : आमच्या घरात दुसरी गाडी एका भारतीय कंपनीची आहे, तीन वर्षांची. तिचा पत्रा जाड आहे, बसायला ऐसपैस आहे, पण मधला पडदा चालत्या गाडीत काळा होतो, मागच्या डाव्या दारातून खडखड येते आणि ती खडखड वर्कशॉपमध्ये नेल्यावर येत नाही. सॉफ्टवेअर तीनदा बदलून झाले. लिंक रॉड किंवा ब्रेक पॅड मात्र पहिल्या फेरीतच मिळाले, तेही बेताच्या किमतीत. तिचे इंजिन मला कधी वाटेत सोडून गेले नाही. तिच्या तारा आणि पडदे मात्र रोज चिडवतात.

युरोपीय गाडी आता विकायची ठरली आहे. नवी कोणती घ्यायची यावर घरात तीन पक्ष पडले, तेव्हा मी माहितीपत्रके बाजूला ठेवली आणि तिन्ही गाड्यांसाठी पाच वस्तूंची एक यादी केली : क्लच प्लेट, पुढचे शॉकअप, थर्मोस्टॅट हाउसिंग, मागचा दिवा आणि काच वर-खाली करण्याची मोटर. यादी घेऊन नाना पेठेत गेले. ज्या दुकानात बाबांसोबत पद्मिनीची पॉइंट्स (इंजिनातल्या ठिणगीसाठी लागणारा सुटा भाग) आणायला जात असे, तिथे आता मालकांचा मुलगा संगणकासमोर बसतो. त्याने एकेक वस्तू पाहिली. जपानी भागीदारीतल्या गाडीचे पाचही भाग मागच्या फडताळात होते. भारतीय कंपनीच्या नव्याकोऱ्या मॉडेलचा मागचा दिवा आणि मोटर बाजारात आलेलीच नव्हती; दोन्ही फक्त कंपनीकडून, आणि केव्हा ते सांगता येत नाही. तिसरी गाडी युरोपीय नावाची, पण चाकणला बनणारी. तिच्यासाठी त्याने माळ्यावरून एक खोके काढले, धूळ झटकली आणि माझ्यासमोर ठेवले. आत थर्मोस्टॅट हाउसिंग होते.

“ताई, हे इथेच बनतं,” तो म्हणाला. “दोन ठेवलेत. एक देऊ का आत्ताच?”