त्या मुलाला तुरुंगात का धाडले नाही?

"तुम्ही स्वतः वकील, घर तुमचे फुटले, चोर सापडला, गुन्हा शाबीत झाला, मग त्याला तुरुंगात धाडायला हरकत काय होती?" गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या घरात चोरी झाली त्याला बरीच वर्षे लोटली, तरी चवथीला घरी आलेली माणसे हा प्रश्न मला अजून विचारतात.

माझी वकिली कुळ-मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या आणि दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या लोकांच्या, दाव्यांची. फौजदारी खटल्यांशी संबंध क्वचितच येतो, त्यामुळे शिक्षा कशासाठी द्यायची याचा विचार मी तोवर पुस्तकापुरताच केला होता. केल्याचे फळ देणे, इतरांना जरब बसवणे, धोकादायक माणसाला समाजापासून दूर ठेवणे, त्याला सुधारणे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळवून देणे, असे हेतू पुस्तकात सांगितलेले असतात. एकाच शिक्षेत ते सगळे साधतील असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मुलगा कैदेत गेला की त्याची कमाई थांबते आणि भरपाई तिथेच बुडते.

मागच्या दाराची कडी उचकटून आत शिरलेल्या 19 वर्षांच्या मुलाने आईची पितळी समई आणि सोन्याची साखळी नेली. साखळी वितळवली गेली होती, समई मात्र सापडली. पंचांच्या सह्यांची चिठ्ठी दोऱ्याने बांधलेली, लाखेचे सील ठोकलेली ती समई मुद्देमाल म्हणून साक्षीच्या वेळी माझ्यापुढे ठेवली, तेव्हा तिच्या कडेचा जुना पोचा बोटाने चाचपून मी ती ओळखली. त्या दिवसांत मला त्या मुलाचा विलक्षण राग येत असे, हे मी लपवणार नाही. आई रात्रीतून दोन-तीनदा उठून मागचे दार ओढून पाहत असे, आणि तिला उठलेली पाहिली की त्याला जास्तीत जास्त शिक्षा व्हावी असेच मला वाटे.

राहत्या घरातील चोरीला तेव्हाच्या भारतीय दंड संहितेच्या कलम 380 खाली 7 वर्षांपर्यंत कैद होती. परंतु 1958 च्या गुन्हेगार परिविक्षा (प्रोबेशन, म्हणजे कैदेऐवजी देखरेखीखाली मोकळे ठेवणे) कायद्याप्रमाणे 21 वर्षांखालील आरोपीला अशा गुन्ह्यात कैद देण्यापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा असतो, आणि कैद दिलीच तर तिची कारणे नोंदवायची असतात. निकालाच्या दिवशीही त्याची 21 वर्षे पूर्ण झाली नव्हती. त्याचा हा पहिलाच गुन्हा होता. त्याला कैदेऐवजी परिविक्षेवर सोडायला माझी हरकत नाही, असे मी सरकारी वकिलांना सांगितले. न्यायालयाने त्याला 3 वर्षांच्या बंधपत्रावर, म्हणजे नीट वागण्याच्या लेखी हमीवर, सोडले आणि साखळीची भरपाई हप्त्यांनी भरण्याचा आदेश दिला.

जरब बसली पाहिजे, हे मलाही मान्य आहे. मात्र शिक्षेच्या कठोरपणापेक्षा ती चुकणार नाही या खात्रीनेच गुन्हे थांबतात, हे बेकारिया या इटालियन विचारवंताने 1764 मध्येच मांडले होते. आपल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी साधारण तिघे कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोष ठरण्याआधीच कैद भोगणारे. अशा व्यवस्थेत कैदेचा गुन्ह्याशी असलेला संबंध लोकांच्या मनात कसा टिकावा? फाशीची मागणी करणाऱ्या गोंयकारांना मी आणखी एक आठवण करून देते. पोर्तुगालने सामान्य गुन्ह्यांसाठीची फाशी 1867 मध्ये रद्द केली आणि 1870 मध्ये ती वसाहतींतूनही गेली. 1955 मध्ये निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडणाऱ्या राजवटीला दयाळू म्हणण्याचे कारण नाही. पण आपल्या पणज्यांचा गोवा कायद्यातल्या फाशीवाचून नांदत होता, हेही खरे आहे.

जो पुन्हा पुन्हा हात उगारतो, जो लेकरांना इजा करतो, त्याला कोंडून ठेवणे भागच आहे, कारण तिथे इतरांचे रक्षण हा हेतू सर्वांत वरचा ठरतो. आमच्या प्रकरणात तसे काहीच नव्हते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने समाजसेवा ही शिक्षाही कायद्यात आणली. चोरीचा माल 5000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि माल परत केला असेल, तर ती देता येते. मला ही तरतूद मनापासून पटते, फक्त त्या कामावर देखरेख ठेवणारी माणसे नेमली गेली पाहिजेत.

आईचे म्हणणे वेगळेच होते. निकाल वाचताना न्यायाधीशांनी तिचे नाव घेतले, दागिना तिचा होता आणि तो चोरीला गेला असे भर न्यायालयात म्हटले, आणि तो मुलगा मान खाली घालून ऐकत होता. घरी येताना ती एवढेच म्हणाली, "माझं म्हणणं खरं ठरलं." किती वर्षांची शिक्षा, हे तिने मला विचारलेदेखील नाही.

"आणि त्याने पुन्हा चोरी केली असती तर?" हाही प्रश्न येतो. बंधपत्र मोडले असते तर त्याच गुन्ह्यासाठी न्यायालय त्याला परत बोलावून शिक्षा देऊ शकले असते. ते सोडून देणे नव्हते. तशी वेळ आली नाही. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस भरपाईचा शेवटचा हप्ता जमा झाला, आणि त्या पैशांतून आईने मागच्या दाराला लोखंडी जाळी बसवून घेतली.