पिनलॉक बसवूनही व्हायझर धुरकटत असेल तर

हेल्मेटच्या व्हायझरवर, म्हणजे समोरच्या पारदर्शक काचेवर, वाफ धरू नये म्हणून आतून पिनलॉक नावाची दुसरी काच बसवतात. ती बसवूनही माझा व्हायझर धुरकटायचा. "थंडीत एवढं तर होणारच," असं ती बसवून देणाऱ्या दुकानात मला ऐकवलं. ते साफ चूक आहे. पिनलॉक नीट बसलेलं असेल तर दोन काचांच्या मधे वाफ धरत नाही. धरली तर बसवण्यातच कसूर आहे.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे सिंहगड रस्त्याने खडकवासल्याकडे निघालं की हवा १०-१२ अंशांची असते. नाकातोंडातून निघणारा श्वास ३४ अंशांच्या आसपासचा, ओलीने भरलेला. समोर गार व्हायझर. वाफ धरणारच. म्हणून आधी बघायचं, ती धरलीय कुठे. बाहेरून बोट फिरवून साफ झालं, तर ते धरणाजवळचं धुकं. हातमोज्याने पुसलं की झालं. आतून बोट हलकेच टेकवल्यावर ठसा उमटला, तर आपला श्वास. बाहेरून पुसूनही ढग जागचा हलत नसेल आणि आतून ठसाही उमटत नसेल, तर ओल दोन काचांच्या मधे आहे. मी अडकलो तो इथे.

पिनलॉकची ही आतली काच पातळ असते. तिच्या कडेने सिलिकॉनची बारीक गोट असते. ती सगळीकडून टेकली की मधली हवा कोंडली जाते आणि आतली काच गार पडत नाही. शिवाय ती थोडी ओल शोषूनही घेते. पण गोट एका जागी जरी सुटली, तरी श्वास तिथून आत शिरतो आणि बाहेरच्या गार काचेवर बसतो. तिथे पुसायला बोट पोचत नाही.

व्हायझर काढून खिडकीसमोर तिरका धरा. टेकलेली गोट सलग, गडद रेघेसारखी दिसते; सुटलेल्या जागी रेघ फिकी होते. माझ्याकडे ती उजव्या कोपऱ्यात वर, दोन बोटं लांबीची फिकी होती. दुकानात ती कोणी पाहिलीच नव्हती.

इलाज पिनांमध्ये आहे, म्हणजे व्हायझरच्या दोन्ही बाजूंना आतली काच धरून ठेवणाऱ्या छोट्या खुंट्यांमध्ये. बऱ्याच व्हायझरच्या पिना मुद्दाम मध्यापासून सरकवलेल्या असतात, म्हणजे फिरवल्या की आतल्या काचेवरचा दाब कमी-जास्त होतो. दोन्ही बाजूंना थोडंथोडं फिरवा, दर वेळी रेघ तपासा, सलग झाली की थांबा. जास्त ताणू नका.

मुळात बसवतानाच काळजी घेतली तर हे सगळं टळतं. व्हायझर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. गोटेखाली एक केस राहिला तरी फट राहते. दुसऱ्या कोणाला तरी व्हायझरची दोन्ही टोकं धरून तो जरा सपाट करायला सांगा. गोट व्हायझरकडे ठेवून आतल्या काचेची एक खाच पिनेत अडकवा, मग दुसरी, मग व्हायझर सावकाश सोडा. आतल्या काचेवरची संरक्षक फिल्म शेवटी काढायची, म्हणजे बोटांचे ठसे पडत नाहीत. आणि हे काम दुपारी करा. पुण्यात हिवाळ्यात दुपारची हवा कोरडी असते, मधे तीच कोंडली गेलेली बरी. व्हायझरला पिनाच नसतील तर पिनलॉक घेण्याआधी आपल्या हेल्मेटला पिनांचा व्हायझर मिळतो का ते विचारा.

चष्मेवाल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: पिनलॉक चष्म्याला वाचवत नाही. चष्म्याच्या काचांवर भांडी घासायच्या लिक्विडचा अर्धा थेंब पसरवा, वाळू द्या आणि सुती मऊ कापडाने चकचकीत होईपर्यंत पुसा. साबणाच्या थरामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ पापुद्रा पसरतो आणि आरपार दिसत राहतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचं. टूथपेस्ट नको, कोटिंग खरवडतं. पिनलॉकवर मात्र साबणाचा थर किंवा फवारा, काहीच नको.

नाकावरून घट्ट बांधलेला रुमाल श्वास थेट चष्म्यावर ढकलतो. तो नाकाखाली घ्या, हेल्मेटला नाकाची पट्टी असेल तर ती लावा. हनुवटीजवळची झडप उघडी ठेवा. सिग्नलला गाडी थांबली की व्हायझर एक खटका वर.

रात्री हेल्मेट गाडीला अडकवून ठेवू नका, घरात ठेवा. निघताना काच गार नसते. आणि पिनलॉक ओलं असताना कधीच पुसू नका. तेव्हा ते मऊ झालेलं असतं, रुमालानेही चरे पडतात आणि समोरच्या गाडीचे दिवे त्या चऱ्यांवर फुटतात. व्हायझर उघडा ठेवून सावलीत वाळू द्या.